खास किराणा दुकान : माणमध्ये भांडवल घालण्यापूर्वीचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. किराणा हा आमचा धंदा नव्हे. पण आमच्या पेढीवर बसणारे तरुण अलीकडे एकच प्रश्न विचारतात: हिंजवडीच्या बाजूला माणमध्ये खास किराण्याचे दुकान टाकले तर चालेल काय? केरळचा तांदूळ, बंगालचे सरसोचे तेल, बिहारचा सत्तू, मदिनेचा खजूर असा माल एका छताखाली ठेवण्याचा त्यांचा विचार असतो. विचार चांगला आहे. परंतु या दुकानासाठी कोणाच्या वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड निघतो, तर कोणाच्या आईच्या बांगड्या मोडतात. म्हणून "चालेल" किंवा "चालणार नाही" असे तोंडी उत्तर देण्यापेक्षा हिशेब मांडून दाखवावा, असे आम्हांस वाटले. तिजारतीचे कायदे कापडाला आणि किराण्याला बहुतांशी सारखेच लागू पडतात.

माण म्हणजे कोणती बाजारपेठ?

येथे सांगतो आहोत ते पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातील माण. सातारा जिल्ह्यातील माण तालुका नव्हे. हा मुलूख मूळचा भाताचा. मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एमआयडीसीने हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि त्याचे पुढचे टप्पे माणच्या शिवारात आले. भाताच्या खाचरांच्या जागी कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. शिवाजीनगरकडे जाणाऱ्या तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्या मार्गाचे एक टोक आणि गाड्यांचा डेपो माणला आहे.

गिऱ्हाईक तीन प्रकारचे आहे. एक, गावठाणातील मूळचे कुटुंब. दुसरे, इमारतींत राहणारे मल्याळी, तमिळ, तेलुगू, बंगाली, उत्तर हिंदुस्थानी नोकरदार. तिसरे, बांधकामावर काम करणारे बिहार, बंगाल, झारखंड, ओडिशाचे मजूर. या तिघांची भूक वेगळी, ऐपत वेगळी, बाजाराला येण्याची वेळही वेगळी. तिघांना एकाच मालावर खूश करू पाहणाऱ्याच्या दुकानात गर्दी दिसते, पण गल्ला भरत नाही.

मागचे दाखले

ही कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी नोकरीसाठी येऊन वसली. त्यांच्यामागोमाग कॉफीची पूड, केळीची पाने, अप्पलम आणि नारळ विकणारी दुकाने आली. आज तेथे मराठी, गुजराती माणूसही खास खरेदीला जातो. आपल्या जवळचा दाखला पिंपरी कॅम्पाचा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ती छावणी. त्यांनी पापड-लोणच्यापासून कापडापर्यंत धंदा उभा केला आणि आज अख्ख्या पिंपरी-चिंचवडचा माणूस तेथे खरेदीला येतो. परदेशात पाहायचे तर मफत पटेल आणि तुलसी पटेल या भावांनी १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर डाळ-तांदूळ-मसाल्याचे दुकान उघडले. आज 'पटेल ब्रदर्स'ची पन्नासाहून अधिक दुकाने अमेरिकेत आहेत.

या तिन्ही दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. अपूर्वाईचा माल दाखवून कोणी दुकान चालवले नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जे रोज शिजते, तेच त्यांनी विकले. मल्याळी माणसाला मट्टा तांदूळ ही चैन नव्हे, तो त्याचा रोजचा भात आहे. बंगाली घरात सरसोच्या तेलाशिवाय मासा तळला जात नाही. बिहारी मजूर सकाळी सत्तू पिऊनच कामावर जातो. खास किराण्याचा पाया हाच: आपल्या दृष्टीने खास, पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने रोजचा.

आधी माणसे मोजा

जागा पाहण्यापूर्वी पंधरा दिवस माणमध्ये फिरावे. सकाळी आठला, संध्याकाळी सातला आणि रविवारी दुपारी. अर्ध्या किलोमीटरच्या आत किती इमारती, त्यांत कोणत्या प्रांतांची किती घरे, हे वॉचमन, दूधवाला आणि इस्त्रीवाला यांच्याकडून कळते. मल्याळी कुटुंब तांदूळ सध्या कोठून आणते, महिन्याला किती आणते, गावाहून येताना बांधून आणते काय, हे विचारावे. ज्या वस्तूसाठी माणूस आज पिंपरी किंवा कॅम्पपर्यंत जातो, ती वस्तू आपली. जी त्याला डी-मार्टमध्ये किंवा दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपनीकडून स्वस्त मिळते, तिच्या वाटेला जाऊ नये. साखर, साबण आणि बिस्किटांत मोठ्या भांडवलाशी टक्कर घेणे म्हणजे आपली पुंजी जाळणे होय.

आता हिशेब

खालील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या जागेचे खरे आकडे घालावेत.

धरा की भाडे १८,००० रुपये, एका नोकराचा पगार १५,००० आणि वीज, पिशव्या, टेम्पो मिळून ७,०००. महिन्याचा ठरलेला खर्च ४०,००० झाला. दोनशे घरे दरमहा सरासरी १,५०० रुपयांचा माल नेतात. विक्री तीन लाख. नफा शेकडा १२ सुटला तर ३६,००० रुपये. म्हणजे दुकानात गर्दी असूनही दरमहा ४,००० चा खड्डा, आणि मालकाची मेहनत फुकट.

आता मालाची निवड सुधारून नफा शेकडा १६ वर नेला. त्याच विक्रीवर ४८,००० सुटतील आणि खर्च जाऊन ८,००० उरतील. घरे तीनशे झाली तर विक्री साडेचार लाख, नफा ७२,००० आणि उरले ३२,०००. घर चालवण्याजोगी ही रक्कम आहे. यावरून दिसेल की या दुकानाचे मरण-जगणे शंभर घरांवर आणि शेकडा चार टक्क्यांवर अवलंबून आहे. सजावटीवर किंवा पाटीवर ते अवलंबून नाही.

दुसरा हिशेब माल फिरण्याचा. साडेचार लाखांच्या विक्रीसाठी सुमारे पावणेचार लाखांचा माल लागतो. माल महिन्यातून एकदा फिरला तर तेवढे सगळे पैसे फळीवर अडकतात. पंधरा दिवसांनी फिरला तर त्याच्या निम्म्यात काम भागते. कापडाचा ताका वर्षभर पडून राहिला तरी शेवटी कट-पीसमध्ये निघतो. तेलाची तारीख उलटली तर ते फुकटही देता येत नाही. म्हणून सुरुवातीला जिन्नस थोडे ठेवावेत आणि वरचेवर आणावेत. जो जिन्नस दोन महिन्यांत हलला नाही, तो पुन्हा मागवू नये.

मालाचे तीन भाग करावेत. पहिला, रोजचा: तांदूळ, तेल, पीठ, सत्तू, मसाले. यात नफा कमी, पण गिऱ्हाईक बांधले जाते. दुसरा, आवडीचा: लोणची, केळ्याचे वेफर्स, कासुंदी, गोंगुरा, सुका मेवा. खरा नफा यात सुटतो. तिसरा, मोसमी: रमजानचा खजूर आणि शिरखुर्म्याचे सामान, ओणमचे, दुर्गापूजेचे, छठचे सामान. मोसमी माल सणापूर्वी येऊन सणापूर्वीच संपला पाहिजे. रमजान दरवर्षी इंग्रजी तारखेप्रमाणे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे ध्यानात ठेवून खरेदी करावी. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा असे दोन रमजान सुरू होतील. जो आजपासून कॅलेंडर पाहून चालेल, त्याला ते वर्ष लाभाचे जाईल, इन्शाअल्लाह.

मुळशीचा आंबेमोहोर मात्र विसरू नये. परमुलखाचा माल विकणाऱ्या दुकानात गावच्या शेतकऱ्याचा तांदूळही असला, तर गावठाणातील माणूस त्या दुकानाला परके मानत नाही.

शुद्ध माल, खरे माप

१९९८ साली दिल्लीत भेसळीच्या सरसोच्या तेलाने जलोदराची साथ आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. धोत्र्यासारख्या काटेरी पिवळ्या धोत्र्याचे बी त्या तेलात मिसळले होते. सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने मनाई आहे ती अशाच कारणांनी. "घाणीचे तेल आहे, बाटली आणा" असा मोह कोणी घातला तरी त्यात पडू नये.

हलालची पाटी लावणे सोपे आहे, ती निभावणे अवघड. गोठवलेले कबाब, जिलेटिन घातलेल्या मिठाया आणि जेली यांची माहिती कंपनीकडून लेखी घ्यावी. ज्याची खातरी नाही तो माल ठेवू नये. गोठवलेल्या मांसाला उणे अठरा अंशांची थंडी सतत लागते. माणमध्ये वीज गेली तर काय करायचे, याची सोय झाल्याशिवाय तो धंदा धरू नये. शाकाहारी गिऱ्हाईकही आपलेच आहे. त्याच्यासाठी मांसाचा फ्रीजर वेगळा आणि नजरेआड ठेवावा.

रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतून ओले लागल्यावर, भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारले, हे आपण सर्व जाणतो. खजुराच्या पेटीत वर मोठे आणि खाली बारीक दाणे भरणाऱ्याने हा प्रसंग दररोज आठवावा. मापात मारणाऱ्यांसाठी तर कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन.

कागदपत्र

अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना घेतल्याशिवाय एक पाकीटही विकू नये. काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का वेळच्या वेळी लावून घ्यावा. जीएसटीमध्ये मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाखांची मर्यादा आहे. वरील उदाहरणात महिन्याला तीन लाखांनी छत्तीस लाख होतात आणि साडेचार लाखांनी चौपन्न लाख. म्हणजे धंदा वाढला की नोंदणी आलीच. लहान व्यापाऱ्यासाठी कंपोझिशन योजना आहे. तीत करपात्र विक्रीवर शेकडा एक टक्का भरावा लागतो, पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेला करही वळता होत नाही. सुटा तांदूळ करमुक्त आहे, तर २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतील तांदळावर जुलै २०२२ पासून पाच टक्के कर आहे. खजूर, बदाम, पिस्ते आणि तूप यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाचावर आला. हा फरक भाव ठरवताना गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे.

जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ते बंधनकारकच आहे. अकरा महिन्यांच्या करारावर फर्निचर करू नये. गिऱ्हाईक बसायला वर्ष लागते, आणि तेव्हाच मालक भाडे वाढवतो. तीन वर्षांचा करार करून वाढ आधीच ठरवून घ्यावी.

भागीदारी, उधारी आणि वाईट दिवस

व्याजाचे कर्ज टाळायचे तर भागीदारी हा मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याची ठरलेली वाटणी, ही मुदारबत आपल्याला नवी नाही. पण सख्ख्या भावांतही करार कागदावर व्हावा. देण्याघेण्याचे लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, असा हुकूम सूरह बकरहमध्ये स्पष्ट आहे. "आपल्यात लिहायचे काय" म्हणणारे भाऊ पुढे एकमेकांच्या मय्यतीलाही जात नाहीत, हे आम्ही बाजारात पाहिले आहे.

मजुराला पगार मिळेपर्यंत थोडी उधारी द्यावी लागते. तिची हद्द ठरवावी: एका माणसाला किती आणि एकूण किती. वरील हिशेबात बत्तीस हजार उरतात. तीस हजारांची उधारी बुडाली तर महिना कोरा गेला.

शेवटी मार्च २०२० ध्यानात ठेवा. टाळेबंदीत हिंजवडी-माणच्या कचेऱ्या बंद झाल्या, नोकरदार घरून काम करू लागले, पुष्कळ जण आपापल्या प्रांतात गेले आणि मजूरही परतले. बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकावर उभे असलेले दुकान अशा वेळी सर्वांत आधी रिकामे होते. म्हणून सहा महिन्यांचे भाडे आणि पगार बाजूला ठेवल्याशिवाय शटर उघडू नये. घरातील सगळे सोने एका दुकानात घालू नये.

स्वाध्याय

कागद घेऊन या प्रश्नांची उत्तरे लिहावीत:

१. अर्ध्या किलोमीटरमध्ये माझी म्हणता येतील अशी घरे किती?
२. ती घरे दरमहा नेतील असे दहा जिन्नस कोणते आणि आज ते कोठून घेतात?
३. ठरलेला खर्च भागवायला किती घरे लागतील?
४. त्या दहा जिन्नसांचा माल किती दिवसांत फिरेल?
५. सहा महिने गिऱ्हाईक आले नाही तर भाडे कोठून देणार?
६. वर्षाअखेर जकातीसाठी मालाची मोजदाद करणार तो दिवस कोणता?

सहाव्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये. जकातीसाठी जो दुकानातला माल दरवर्षी प्रामाणिकपणे मोजतो, त्याला आपला धंदा वाढतो आहे की खंगतो आहे, हेही त्याच दिवशी कळते. पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे अंदाजाने आली असतील तर अजून महिनाभर माणमध्ये फिरावे. आकड्यांनी आली असतील तर बिस्मिल्लाह करून कुलूप उघडावे.