कोंबडी कापण्याची स्वच्छ जागा

आदिवासी पाड्यांवर कोंबडी म्हणजे घरची चालती-फिरती बचत. पाहुणा आला किंवा औषधाला पैसे लागले की ती कामी येते. जिवंत कोंबडीऐवजी साफ केलेले मांस विकले तर कष्टाचा मोबदला वाढू शकतो. पण अंगणात, गुरांच्या शेजारी कापलेल्या मांसाने गिऱ्हाईक आजारी पडले, तर पुन्हा कोणी दाराशी येत नाही. म्हणून कापण्याआधी जागा नीट करावी.

जागा. विहिरीपासून निदान ५० फूट आणि खुराड्यापासून दूर जागा निवडावी. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी किंवा कोबा, आणि पाणी एकाच बाजूला वाहील असा उतार असावा. वरच्या बाजूला स्वच्छ काम, खालच्या बाजूला मळके काम. सांडपाणी शोषखड्ड्यात जावे.

मळकी बाजू. कोंबडीला आदल्या रात्रीपासून दाणा देऊ नये, पाणी मात्र द्यावे. तेलाच्या मोठ्या कॅनचा तळ कापून, तोंड मोठे करून उलटा टांगला की नरसाळे तयार होते. त्यात कोंबडी डोके खाली करून ठेवली की ती फडफडत नाही. धारदार सुरीने गळा कापून रक्त दोन-तीन मिनिटे पूर्ण निथळू द्यावे. हालचाल थांबल्यावरच गरम पाण्यात बुडवावी. उकळते आणि थंड पाणी सारख्या मापाने मिसळले की साधारण ६० अंश होते. मिनिटभराने पंखाचे मोठे पीस सहज निघाले की पुरे. पाणी फार कढत असेल तर कातडी फाटते.

स्वच्छ बाजू. येथे दुसरी सुरी, दुसरा पाट आणि साबणाने धुतलेले हात हवेत. आतडी व पित्ताची पिशवी न फोडता काढावी. कलेजी-पेटा वेगळा ठेवावा. मांस वाहत्या पाण्याने धुऊन लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवावे. बर्फ नसेल तर गिऱ्हाईक ठरल्यावरच कापावे आणि लगेच द्यावे.

कचरा. रक्त, आतडी आणि पिसे तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत व वर काटे ठेवावेत. कुत्र्यांना किंवा इतर कोंबड्यांना घालू नयेत.

आजारी कोंबडी. मरायला टेकलेली कोंबडी 'वाया कशाला घालवा' म्हणून कापण्याची सवय सर्वांत घातक आहे. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळली आणि तेथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. डोके सुजलेली, तुरा निळा पडलेली, किंवा एकामागून एक मरणारी कोंबडी कापू नये, विकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

नोंदणी. मांस विकायचे असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे लहान विक्रेत्यालाही नोंदणी लागते. फॉर्म भरण्यासाठी शिकलेल्या माणसाचा आधार मिळाला तर काम सोपे होते.

वाचकहो, असे काम सुरू करणाऱ्या कुटुंबाला मदत करताना पिसे काढण्याच्या यंत्राचा विचार आधी मनात येतो. पण फरशी, नळ, दोन सुऱ्या आणि बर्फाची पेटी यांची गरज त्याहून मोठी आहे. यंत्र बंद पडले तर पिसे हाताने निघतील. पाणी आणि फरशी नसेल तर मात्र यंत्र असूनही मांस स्वच्छ राहणार नाही.