पार्कातला पाऊस आणि परतीचा रस्ता

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडची मित्रमंडळी वर्गणी काढून, क्रूझर सांगून हैदराबादच्या वंडरला पार्कला निघायची ठरली, की पहिली धास्ती एकच असते: ऐनवेळी पाऊस आला तर पैसे पाण्यात. पावसाळ्यात अशी सहल आखणाऱ्यांना माझं सांगणं आहे की धास्ती रास्त आहे, पण तिची जागा चुकली आहे. पार्कात पडलेल्या पावसानं फार तर चार राईड हुकतात. खरा घात होतो तो त्या हुकलेल्या राईड वसूल करायच्या नादात. दुपारी पावसानं दोन तास खाल्ले, म्हणून मंडळी गेट बंद होईपर्यंत आत रेंगाळतात आणि अंधारात, ओल्या अंगानं, पेंगत्या ड्रायव्हरच्या भरवशावर दोनशेच्या वर किलोमीटर कापायला निघतात.

राईड का थांबवतात हे नीट कळलं, तर निम्मी चिडचिड तिथंच संपते. उंच लोखंडी सांगाडा म्हणजे विजेला आमंत्रण, त्यामुळे गडगडाट जवळ आला की उघड्यावरच्या मोठ्या राईड बंद होतात. पाण्यातला माणूसही विजेच्या तडाख्यात सापडतो. म्हणून आधीच भिजलेल्यांना आणखी पावसाचं काय, हा वॉटर पार्कातला लाडका युक्तिवाद टिकत नाही. नुसत्या पावसाचंही गणित आहे. ओल्या रुळावर चाकांची आणि घर्षणावर चालणाऱ्या ब्रेकची पकड बदलते, आणि वेगानं धावणाऱ्या डब्यात पावसाचे थेंब तोंडावर खडे मारल्यासारखे लागतात. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं उघड्यावर जाऊ नये, हा नियम जगभर सांगितला जातो. त्यामुळे ऊन पडलं तरी ऑपरेटर पाळणा सुरू करत नाही, तेव्हा तो आळशी नसतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा छपराखालच्या राईड तेवढ्या वेळात उरकाव्यात. पावसात रांगाही आखूड असतात.

परदेशातले पार्क पाऊस गृहीत धरूनच बांधतात. 1983 साली उघडलेल्या टोकियो डिस्नेलँडच्या प्रवेशाजवळची बाजारपेठ काचेच्या छताखाली आहे. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाट नेहमीचाच, तरी तिथली गर्दी हटत नाही. पण एक फरक लक्षात घ्यावा. तिथं आलेल्यांपैकी बरेच जण जवळच्या हॉटेलात उतरलेले असतात. पाऊस लांबला तर त्यांची झोप लांबते, आपला मात्र प्रवास लांबतो.

त्यात वंडरला हैदराबादच्या आपल्या बाजूला नाही. ते रावीरालला, शहराच्या पार पलीकडच्या अंगाला. संगारेड्डीकडून येणाऱ्याला रिंग रोडनं अर्ध्या शहराला वळसा घालावा लागतो, परतताना पुन्हा तोच. पुढे देगलूरपर्यंत हमरस्ता धड आहे. तिथून मुखेडकडं वळलं की लेंडी नदीचं खोरं, ओढे आणि ठेंगणे पूल. 17 ऑगस्ट 2025 च्या रात्री याच भागात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव, भासवाडी ही गावं पाण्यात गेली, माणसं दगावली. मुखेड-उदगीर भागात एक कार आणि एक ऑटो पुरात वाहून गेला. ती रविवारची रात्र होती, 15 ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्यांची शेवटची. सहलीच्या गाड्या परततात त्या अशाच रात्री. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, आणि अंधारात हेडलाइटच्या उजेडात फूट कुठला न् कंबर कुठली, कळत नाही. पार्कात धोका दिसला की पट्टा काढून खाली उतरवणारा माणूस पगारी नेमलेला असतो. ओढ्यावर ते काम कुणाकडंच नसतं. उलट मागच्या सीटवरून ‘घाल रे, निघतंय’ म्हणणारेच जास्त.

कुणी म्हणेल, मग पावसाळ्यात जाऊच नये. हे मला पटत नाही. पेरणी, खुरपणी, पहिली फवारणी आटोपली की शेतकऱ्याच्या पोरांना सवड मिळते ती ऑगस्टातच. दिवाळीत सोयाबीन घरात यायची घाई आणि पार्कात झुंबड. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे: मुक्काम म्हटला की खर्च वाढतो. पण दहा जणांत दोन-तीन साध्या खोल्या वाटून घेतल्या तर डोईवर येणारी रक्कम तिकिटाच्या मानानं फार नसते. मुक्काम जमणारच नसेल, तर निघायची वेळ मुखेडातच ठरवावी. दुपारी चार म्हणजे चार, राईड मिळोत न मिळोत. ही वेळ पार्कात ठरवायला गेलं की हरलोच, कारण तिथं गेलेल्या पैशाचा हिशोब डोक्यात बसलेला असतो. पाऊस आला तर पैसे परत मिळतात का, की तारीख बदलून मिळते, हे तिकीट काढण्याआधी वाचून घ्यावं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावं. आसपास कुठं वीज पडते आहे ते त्यावर कळतं. ड्रायव्हरला पाळण्यात बसवू नये, दुपारी झोपू द्यावं. आणि देगलूरला आल्यावर गावाकडं एक फोन करून ओढ्याला पाणी आहे का ते विचारावं. असेल तर रात्र देगलूरलाच काढावी, एस.टी. स्टँडवर का होईना.