गिऱ्हाईक म्हणून जा

कोल्हापूर

चि. मनू,

तुझा बेत कळला. तुम्ही चौघी मैत्रिणींनी शार्लटहून शनिवारी पहाटे निघायचं, नॉर्थ कॅरोलायनातल्याच डरहॅमला मुक्काम करायचा आणि दोन दिवस जेवणखाण, कॉफी, पुस्तकं, भेटवस्तू सगळं कृष्णवर्णीय मालकांच्या दुकानांतूनच घ्यायचं, म्हणजे त्या लोकांना तेवढीच मदत. तुझी ताई तिथे शिकत होती तेव्हा मी आणि मामी तिच्याकडे राहिलो होतो, म्हणून काय काय बघू असं विचारलंस. सांगतो. पण बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला विचारलंस, तर उत्तरही तसंच येणार. मदत करायला म्हणून जाऊ नकोस. गिऱ्हाईक म्हणून जा.

वाटेत ग्रीन्सबरो लागेल, तिथे तासभर थांबाच. वूलवर्थच्या जुन्या दुकानात २०१० पासून संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९६० ला कॉलेजातली चार कृष्णवर्णीय पोरं तिथल्या फक्त गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसली आणि त्यांनी कॉफी मागितली. हे तुला ठाऊक असेल. त्याआधी त्यांनी काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच दुकानात दुसऱ्या काउंटरवर त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. या गल्ल्यावर आमचे पैसे चालतात, मग त्या गल्ल्यावर का चालत नाहीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पावती हातात ठेवून भांडणारा माणूस मला फार आवडतो. सहा महिन्यांच्या आत, जुलैच्या अखेरीस, दुकानाने माघार घेतली. सद्बुद्धी वगैरे झाली असेल नसेल, पण बहिष्काराने गल्ला रिकामा पडला होता, हे नक्की. डरहॅमची माणसं मात्र तुला सांगतील की आमच्याकडे हे तीन वर्षं आधीच झालं. तेही खरं आहे. १९५७ मध्ये रॉयल आइस्क्रीमच्या दुकानात सात जण असेच बसले होते आणि त्यांना अटक झाली होती.

डरहॅमला पोचलात की आधी पॅरिश स्ट्रीट. दिसायला काही नाही, गावातला एक आखूड रस्ता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला कृष्णवर्णीयांची वॉल स्ट्रीट म्हणायचे. याची सुरुवात एका न्हाव्याने केली. जॉन मेरिक १८५९ मध्ये गुलाम म्हणून जन्माला आला. पुढे गवंड्याच्या हाताखाली काम केलं, मग केस कापायला शिकला आणि डरहॅममध्ये स्वतःची दुकानं काढली. तंबाखूवाले ड्यूक त्याच्या गिऱ्हाइकांत होते. गावातले पैसेवाले खुर्चीत बसून धंद्याच्या गोष्टी करायचे आणि हा ऐकायचा. १८९८ मध्ये डॉ. अ‍ॅरन मूर आणि आणखी काही जणांना घेऊन त्याने विमा कंपनी काढली, नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल. तेव्हा गोऱ्यांच्या कंपन्या कृष्णवर्णीयांचा विमा एक तर उतरवत नसत, नाहीतर हप्ता जास्त लावत. मेरिकच्या कंपनीची माणसं दारोदार जाऊन दर आठवड्याला काही सेंट गोळा करायची, आपला पिग्मी एजंट जसा भाजीवालीकडून रोजचे दहा-वीस रुपये नेतो, तसंच. पहिला दावा आला चाळीस डॉलरचा. तेवढेही तिजोरीत नव्हते, म्हणून संस्थापकांनी पदरचे घालून तो भागवला. माझ्या मते कंपनी त्या दिवशी उभी राहिली. हप्ता कुणीही गोळा करतं, विश्वास बसतो तो दावा मिळाल्यावर.

मग १९०८ मध्ये त्याच रस्त्यावर मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक उघडली. विमा होता, बँक होती, त्यामुळे घराला कर्ज मिळू लागलं, दुकानाला भांडवल मिळू लागलं. बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या दोन कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे, पण वॉशिंग्टन १९१० मध्ये इथे येऊन खूश झाले आणि दु बॉइस यांनी १९१२ मध्ये या गावावर कौतुकाने लिहिलं. (हे तेच दु बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र पाठवलं होतं.) विमा कंपनी आता राहिली नाही. बँक मात्र आहे. तिच्याविषयी शेवटी सांगतो.

तिथून हेटाय या वस्तीत जा. एकेकाळी तिथे दुकानं, हॉटेलं, थिएटर, डॉक्टर, वकील, सगळं कृष्णवर्णीयांचं होतं. आता बघायला गेलीस तर मुख्यतः एक चौपदरी महामार्ग दिसेल. १९५८ नंतर वस्ती सुधारण्याच्या नावाखाली शहराने ती पाडायला घेतली आणि त्यातून रस्ता नेला. चार हजारांच्या आसपास कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास धंदे उठले. नुकसानभरपाई म्हणजे इमारतीची किंमत. पण दुकानाची किंमत भिंतींत थोडीच असते? ती असते उधारीच्या वहीत, रोज सकाळी येणाऱ्या माणसात, शेजारच्या शिंप्याने दिलेल्या शब्दात. ती कुठल्याच पंचनाम्यात बसत नाही. म्हणून तुझी एखादी मैत्रीण म्हणाली की यांनी पूर्वी एवढं केलं, मग आता का मागे पडले, तर तिला त्या महामार्गाच्या पुलावर उभी कर आणि खालची वाहतूक दाखव. शेजारी सेंट जोसेफ चर्चची १८९१ ची इमारत वाचली आहे, तिथे हेटाय हेरिटेज सेंटर चालतं. आत अवश्य जा.

आता आपल्या गावची गोष्ट. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. अस्पृश्याने पाण्याला हात लावला म्हणून त्यांना तिथल्याच लोकांनी बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगितलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. स्वच्छता चोख, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही. मग महाराज फिरायला निघाले की घोड्यांचा खडखडा हॉटेलसमोर थांबवायचे आणि मोठ्याने चहा मागवायचे. सोबतच्या बड्या मंडळींनाही तो प्यावा लागायचा. नुसती देणगीच द्यायची असती तर राजवाड्यातून थैली पाठवून काम भागलं असतं. पण त्यांनी भर रस्त्यात, चारचौघांदेखत, गंगारामांच्या हातचा कप तोंडाला लावला. आपण कोल्हापूरची माणसं ही गोष्ट दर जयंतीला ऐकतो, टाळ्या वाजवतो. तू डरहॅमला जाताना ती बरोबर ने.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? दुकानात शिरून आम्ही तुम्हाला आधार द्यायला आलोय असं जाहीर करायचं नाही. कोणता पदार्थ चांगला ते विचारायचं. भाव कमी करायला सांगायचं नाही, टीप पूर्ण ठेवायची. माणसांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. पदार्थ आवडला नाही तर दयेपोटी खोटी तारीफ नको, आणि एखादा बेत फसला म्हणून सगळ्या जमातीला नावं ठेवणंही नको. फेएटव्हिल स्ट्रीटवर चिकन हट नावाचं कुटुंबाचं हॉटेल आहे, १९५७ पासूनचं, मूळ हेटायमधलं. तळलेलं चिकन आणि शिजवलेल्या हिरव्या पालेभाज्या घ्या. तुमच्यातली एक शाकाहारी आहे ना, तिने आधी विचारावं, त्या भाज्यांत बरेचदा मांस घालतात. पुस्तकांसाठी पूर्व डरहॅममध्ये रोफिवा बुक कॅफे आहे. डरहॅममध्येच रिकी मूर यांनी २०१२ मध्ये अगदी लहानशा जागेत मासे तळून विकायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये त्यांना जेम्स बीअर्ड पुरस्कार मिळाला, तेव्हा कुणावर उपकार करायला निघालोय या भ्रमात राहू नका. निघण्याआधी फोन करून वेळा बघून घ्या. लहान दुकानं आठवड्यात कधीही सुट्टी घेतात आणि रविवारी सकाळी बरीच मंडळी चर्चमध्ये असतात.

वेळ काढता आला तर शहराच्या उत्तरेला स्टॅगव्हिल बघा. गृहयुद्धापूर्वी तिथल्या मालकांच्या ताब्यात जवळजवळ ९०० गुलाम आणि हजारो एकर जमीन होती. गुलामांची घरं अजून उभी आहेत, आणि त्यांनी भाजलेल्या विटांवर त्यांच्या बोटांचे ठसे राहिले आहेत. हे पाहिलंत की पॅरिश स्ट्रीटवर न्हाव्याने विमा कंपनी काढणं म्हणजे काय, ते वेगळं समजवावं लागणार नाही.

एक कडू गोष्टही लिहितो, रागावू नकोस. आपले लोक तिकडे घर घेताना कोणत्या वस्तीत घ्यायचं नाही हे एकमेकांना कसं सांगतात, ते मी तुमच्याकडच्या गणपतीच्या जेवणात ऐकलंय. चांगल्या शाळेच्या नावाखाली सांगतात. स्थळं बघताना गोरी मुलगी हवी म्हणणारी माणसं इथून तिकडे जाताना तो आग्रह कस्टमवाल्याकडे जमा करून जात नाहीत. आणि आपल्याला तिकडे दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. तो कायदा संमत झाला नागरी हक्कांच्या त्या चळवळीने तापवलेल्या हवेत, जिच्यात ग्रीन्सबरोची ती चार पोरंही होती. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. त्यांना तिकडची बातमी इथे बसून कळत होती. तुमच्यातल्या काहींना पलीकडच्या रस्त्यावरची कळत नाही. तू तशी नाहीस, म्हणून तर हे तुला लिहितोय. जेवणाच्या टेबलावर कुणी तसं बोललं तर गप्प बसू नकोस, एवढंच.

आता बँकेचं. दोन दिवसांत तुम्ही चौघी मिळून पाचशे डॉलर खर्च कराल. चांगलं आहे, पण तो पैसा सोमवारपर्यंत भाडं, तेल, पीठ यांत वाटला जातो. ठेव तशी संपत नाही. तू खात्यात ठेवलेला पैसा बँक कुणाला तरी दुकानासाठी, घरासाठी देते, तो परत येतो, पुन्हा जातो. मेकॅनिक्स अँड फार्मर्सला आता एम अँड एफ बँक म्हणतात, आणि तिची शाखा तुझ्या शार्लटमध्येच, बीटीज फोर्ड रोडला आहे. सगळा पगार तिकडे वळव असं मी म्हणत नाही. एक बचत खातं काढ, दर महिन्याला ठराविक रक्कम आपोआप जाईल अशी सोय कर. ठेवीला अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विम्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तुझ्या आईला काळजीचं कारण नाही. त्याच रस्त्यावर जेवायलाही मिळेल, त्यासाठी अडीच तास गाडी हाकायला नको.

खात्यात पहिल्यांदा किती भरायचे हे मात्र मला विचारू नकोस. निवृत्त बँकवाल्याला रक्कम विचारली की तो नेहमी जास्त सांगतो. गाडी आलटून पालटून चालवा. मामीने मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला पाठवलाय, येत्या आठवड्यात मिळेल.

तुझा,
मामा