न उतरलेला विंचू

जेऊरच्या आसपास लग्नाच्या वरातींत मी हलगी वाजवतो. ‘फँड्री’ सिनेमा 14 फेब्रुवारी 2014ला लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्या जेऊरचेच, त्यामुळे आमच्या पोरांच्या मोबाईलवर सिनेमाचं गाणं वाजायला वेळ लागला नाही. अजय-अतुलनी बांधलेलं, अजय गोगावलेंनी गायलेलं. ते वाजवता वाजवता जे कळत गेलं, ते लिहितो.

1. नाचायचं गाणं आणि रडायचं गाणं वेगळं असतं असं मला वाटायचं. माघातली थंडी होती. चामडं ओलावलं की हलगी बद्द बोलते, म्हणून मी ती जाळावर शेकत होतो. एका पोरानं मोबाईल कानाला लावला, “अण्णा, हे बसतंय का बघा.” उजव्या हातातलं टिपरू आपोआप चालू लागलं. पोरं तासभर नाचली. शब्दांकडे माझंही लक्ष नव्हतं.

2. शब्द नंतर ऐकले. प्रीतीचा विंचू. आमच्याकडे विंचू म्हटलं की आधी संत एकनाथांचं भारूड आठवतं. त्यात विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावर सत्त्वगुणाचा उतारा आहे. इथे विंचू म्हणजे प्रेम, आणि सिनेमातल्या जब्यासारख्या, डुकरं धरणाऱ्या घरातल्या पोराला उतारा कोण देणार? जुनी प्रतिमा घेऊन नवं दुखणं सांगायचं, यातला प्रयोग मला फार मोठा वाटतो.

3. सोलापूरला जाऊन सिनेमा पाहिला. गाणं आत्ता येईल, मग येईल, म्हणून वाट पाहत बसलो. ते सिनेमात नाहीच, जाहिरातीसाठी केलेलं. बाहेर पडताना बरोबरची पोरं नाराज होती, मीही होतो. घरी येईपर्यंत गाडीत विचार करत राहिलो. जब्या त्याला आवडणाऱ्या शालूला मनातलं कधी सांगू शकत नाही. तिच्यासाठी काळी चिमणी शोधत हिंडतो, शाळेतलं राष्ट्रगीत कानावर आलं की डुकरामागे धावताना जागच्या जागी उभा राहतो, आणि डुकरामागची ती धावपळ शाळेतली पोरं हसत बघत असतात. अशा पोराच्या तोंडी एवढं मोकळं गाणं घातलं असतं तर सिनेमा खोटा झाला असता. जे त्याला बोलता आलं नाही ते गाण्यानं बाहेर उभं राहून सांगितलं. गाणं वगळलं ते बरोबरच केलं, असं माझं ठाम मत आहे.

4. गाणं आधी ऐकलं असेल तर सिनेमा पाहून पुन्हा ऐका. ठेका तोच असतो, पण पाय उचलत नाहीत.

5. जब्या झालेला सोमनाथ अवघडे केमचा. जेऊरहून कुर्डुवाडीकडे जाताना हे गाव लागतं. मंजुळेंना तो हलगी वाजवतानाच दिसला, आणि पुढे त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे कळलं त्या दिवशी माझ्या हलगीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं.

6. सिनेमा आला त्याच साली एका वरातीत हे गाणं तीनदा वाजवायला लावलं. घामानं सदरे भिजले. जेवणाची वेळ झाली तेव्हा आम्हा वाजवणाऱ्यांना मांडवाबाहेर थांबवलं. सगळ्या पंगती उठल्यावर पत्रावळी बाहेरच आल्या. विंचू गाण्यातच राहत नाही, हे तिथे कळलं.

तुमच्या घरच्या वरातीत हे गाणं लावाल तेव्हा एवढं करा: हलगीवाल्याला पहिल्या पंगतीला, तुमच्या शेजारी बसवा.