भाचा दारावर थांबला ती रात्र

माझा धंदा कापडाचा, दुकान अमरावतीला. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून गेली वीस वर्षं माल उचलतो, त्या शेठजींनी एकदा आग्रहानं त्यांच्या क्लबात नेलं. फक्त सभासदांसाठी असलेला, रात्री उशिरापर्यंत चालणारा क्लब. सोबत माझा भाचा होता. अकोल्याचा पोरगा, नुकताच मुंबईत नोकरीला लागलेला. आज वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्या-मुंबईत आहेत, आणि कंपनीतला एखादा साहेब किंवा मित्र अशा ठिकाणी त्यांनाही बोलावतो. त्या रात्री जे शिकलो ते त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी लिहितो आहे.

1. यजमान दारात हजर नसेल तर जाऊ नका. अशा ठिकाणी पैसे असून चालत नाही, नाव लागतं. सभासदानं पाहुण्याचं नाव आधी कळवलेलं असतं. दारावरचा माणूस ते यादीत शोधतो, ओळखपत्र पाहतो, वहीत सही घेतो आणि मनगटाला कागदी पट्टी बांधतो. आत पाहुणा वावगं वागला तर जाब सभासदाला द्यावा लागतो, बिलही बहुतेक त्याच्याच खात्यावर चढतं. म्हणजे तिथं तुम्ही दुसऱ्याच्या जिवावर उभे असता. वशिल्यानं, ओळखीच्या ओळखीनं घुसायची हौस करू नये.

2. कपड्यांची चौकशी आधी करा. हे मी केलं नाही.

भाच्यानं नवा शर्ट घातला होता, इस्त्रीची पँट होती आणि पायांत चामड्याची चप्पल. आईनं दिवाळीला घेऊन दिलेली, पॉलिश केलेली. दारावरच्या माणसानं आधी खाली पाहिलं, मग वर. ‘बूट लागतात’ एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही, उद्धटपणाही केला नाही. शेठजींनी रदबदली केली, पण नियम नियम होता. मागे रांगेत माणसं उभी होती. भाच्याचे कान लाल झालेले मला दिसले.

‘तुमी जा मामा, मी थांबतो अठी,’ तो म्हणाला.

‘अबे, एकटा काहून थांबतं?’

‘जा ना. शेठजी वाट पाहून राह्यले.’

आणि मी गेलो. वीस वर्षांचा व्यवहार, शेठजींचा मान, असा काहीतरी हिशेब मनात केला आणि आत गेलो.

3. हा धडा वेगळा लिहितो, कारण त्या रात्रीचा खरा धडा हाच. सोबतच्या एकाला दारावर अडवलं तर सगळ्यांनी परत फिरायचं. यजमान समजूतदार असेल तर रागावत नाही. माझे शेठजी तर दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, ‘तेव्हाच बोलला असतात तर आपण तिघंही कुठंतरी शांतपणे जेवलो असतो.’ मी चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा भाचा फुटपाथवर सायकलवाल्याचा चहा पीत उभा होता. हातात कागदी कप, आणि एक पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला, जणू चप्पल झाकतो आहे. घरी जाईपर्यंत तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. ताईला त्यानं अजूनही सांगितलेलं नाही. मी सांगितलं.

4. पादत्राणांवरून माणूस ठरवायची खोड जुनी आहे. मुंबईचा विलिंग्डन क्लब उभा राहिला तोच मुळी हिंदी आणि गोऱ्या माणसांना एकत्र बसता यावं म्हणून. बाकीच्या बड्या क्लबांची दारं तेव्हा आपल्याला बंद होती. त्याच विलिंग्डननं 1988 मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून परत पाठवलं. पंढरपुरात जन्मलेला, जगभर नावाजलेला माणूस, आणि अडला तो पायांशी! भाच्याला मी ही हकीकत गाडीत सांगितली. तो थोडा हसला.

5. आतलं सांगतो, थोडक्यात. अंधार, निळे-जांभळे दिवे, आणि छातीत धडधडेल असा आवाज. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. शेठजींना माझ्याशी उधारीबद्दल बोलायचं होतं, ते झालंच नाही. नाचणारी मुलंमुली आनंदात होती. त्यांच्याबद्दल मला काडीचीही तक्रार नाही. दिवसभर राबून कुणी रात्री नाचत असेल तर नाचू दे. मात्र कायदा माहीत असावा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. बावीस-तेवीसच्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

6. आत शिरल्याबरोबर बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधा. हे मी अगदी कळकळीनं लिहितो. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 जीव गेले. वाढदिवस साजरा करायला आलेली तरुण मुलगी त्यात होती. त्या रात्री मी बसल्या जागेवरून पाहिलं, तर आलो तेवढं एकच दार दिसत होतं. वेटरला विचारल्यावर त्यानं पडद्यामागचं दुसरं दाखवलं. त्याच्यापुढं खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

7. परत कसं जायचं ते जातानाच ठरवा. शेवटची लोकल रात्री एकच्या आसपास जाते, पहिली चारच्या पुढं. मधल्या तासांत खिसा आणि जीव दोन्ही सांभाळायचे असतात.

8. दार हा विषय त्या रात्रीनंतर माझ्या डोक्यातून गेला नाही. भारतातला पहिला कसोटी सामना 1933 च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर झाला. आपले कर्णधार सी. के. नायुडू, जन्म नागपूरचा. लाला अमरनाथांनी भारताचं पहिलं कसोटी शतक तिथंच ठोकलं. मैदान ज्या जिमखान्याचं, त्याचं सभासद मात्र या दोघांपैकी कुणालाही होता आलं नसतं, कारण हिंदी माणसाला तिथं सभासदत्वच नव्हतं.

पण हे सगळं गोऱ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. अमरावतीत अंबादेवीच्या देवळाचं दार दलितांना बंद होतं, आणि ते बंद करणारे आपलेच लोक होते. 1927 मध्ये ते उघडावं म्हणून पंजाबराव देशमुखांनी सत्याग्रहाची चळवळ हाती घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच प्रश्नावर अमरावतीला परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. क्लबाच्या दारावर एक रात्र भाचा अडला तर मला इतकं लागलं. मग पिढ्यान् पिढ्या ज्यांना देवाच्या दारावरून माघारी धाडलं त्यांना काय वाटलं असेल, हे मी भाच्याचे लाल कान पाहीपर्यंत कधी नीट मनात आणलं नव्हतं. शाळेत वाचलं होतं, पाठही केलं होतं, तेवढंच.

9. रात्र जागवायची हौस असेल तर अकोल्याला या. पुढच्या श्रावणात भाच्यानं रजा काढली आणि मला कावडीला नेलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला पूर्णा नदीच्या पाण्याचा अभिषेक असतो. त्यासाठी रविवारी मंडळांची पोरं गांधीग्रामला जातात, पूर्णेतून भरणे, म्हणजे घागरी, भरून घेतात, बांबूंना बांधून खांद्यावर उचलतात आणि रात्रभर चालत अकोल्यात येतात. सुमारे 18 किलोमीटर. मोठ्या मंडळांच्या कावडीला शेकड्यानं भरणे असतात, एका वेळी कितीतरी खांदे लागतात. एक खांदा थकला की शेजारचा न सांगता खाली शिरतो. रस्त्यात लोक चहा, पाणी, फराळ घेऊन उभे असतात. माझ्या खांद्यावर कावड आली ती तीन-चार मिनिटं, पण तेवढ्यात शर्ट ओला झाला आणि बांबूचा वळ उठला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘काका, सरका, आता मी घेतो!’ कोण होता ते मला आजही माहीत नाही.

पहाटे शहराच्या वेशीपाशी आलो तेव्हा भाचा माझ्या पुढं चालत होता, चिखलानं घोट्यापर्यंत भरलेले पाय टाकत. कावडीला चप्पल घालत नाहीत.

येत्या श्रावणात तुमच्या पोराला रजा मिळत असेल तर पाठवा. ताईचं घर अकोल्यातच आहे, ती स्वयंपाक करून ठेवते.