घरगुती संगणकाचा वेग आणि हार्ड डिस्कची मांडणी

पाचसहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक सुरू होण्यास आता काही मिनिटे लागतात, साधे पत्र उघडण्यास वाट पाहावी लागते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. शिक्षकांच्या घरी निकालपत्रके, सरपंचांच्या घरी ठरावांची टिपणे याच यंत्रात असल्याने हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. यंत्र जुने झाले, नवे घ्यावे, असा सल्ला दुकानदार तत्परतेने देतात. तथापि, अशा बहुतेक संगणकांत गणन करणारा प्रोसेसर थकलेला नसतो. तो हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून 'डिस्क' या रकान्यात सतत १०० टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला, तर दोष कोठे आहे ते उघड होते.

हार्ड डिस्क हे मूलतः फिरत्या चकत्यांचे यंत्र आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या अशा यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार पुढे तळहाताएवढा झाला, तत्त्व मात्र तेच राहिले. घरगुती संगणकातील चकती मिनिटाला सामान्यतः ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचकटोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा आणि टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचल्या जातात. मंदपणाचे मूळ या हिशेबात आहे.

दप्तरखान्यात एका प्रकरणाची सर्व पाने एकाच रुमालात बांधलेली असतील, तर ती काढण्यास क्षण पुरतो. तीच दहा रुमालांत विखुरली, तर कारकुनाला दहा फेऱ्या माराव्या लागतात. फाईली पुसल्या, वाढविल्या, पुन्हा लिहिल्या की डिस्कवर हेच घडते. विखुरलेले तुकडे सलग मांडण्याच्या क्रियेस डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात. विंडोज १० व ११ मध्ये 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' ही सोय असून ती आठवड्यातून एकदा आपोआप चालावी अशी मुळातच योजना आहे. प्रत्यक्षात जो संगणक तासाभराच्या कामापुरता लावून लगेच बंद केला जातो, त्यावर ही देखभाल पुरी होण्यास सवडच मिळत नाही. अशा वेळी ती स्वहस्ते चालवावी. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तुकडे हलविण्यास मोकळी जागा उरत नाही. सुमारे १५ टक्के जागा रिकामी ठेवण्याचा जुना दंडक आजही उपयुक्त आहे.

हा उपाय चकतीच्या डिस्कपुरताच आहे, हे मात्र विसरता कामा नये. एसएसडी नावाच्या साधनात फिरणारा एकही भाग नसतो. तेथे नोंद कोठेही असली तरी ती शोधण्यास साधारणपणे मिलिसेकंदाचा दहावा भाग वा त्याहूनही कमी वेळ लागतो. शिवाय प्रत्येक पेशीवर किती वेळा लिहिता येईल यास मर्यादा असते. म्हणून जुन्या पुस्तकांतील सल्ला प्रमाण मानून एसएसडीवर स्वतंत्र डिफ्रॅगमेंटेशनचे कार्यक्रम चालविणे म्हणजे विनाकारण झीज होय. तेथे 'ट्रिम' या आज्ञेने कोणत्या जागा रिकाम्या झाल्या एवढेच साधनास कळवायचे असते, आणि विंडोज ८ पासून वरील सोय साधनाचा प्रकार ओळखून हे काम स्वतःच करते. 'मीडिया टाइप' या रकान्यात तो प्रकार दिसतो.

यापुढील सेटिंग अधिक जपून हाताळण्याचे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज' या पानावर दोन चौकटी आढळतात. पहिली राइट कॅशिंगची. ती लावली असता लिहावयाची माहिती प्रथम डिस्कमधील तात्पुरत्या स्मृतीत घेतली जाते व नंतर सवडीने चकतीवर उतरते. यामुळे काम स्पष्टपणे जलद होते आणि अंतर्गत डिस्कसाठी ही सोय बहुधा आधीपासून चालू असते. बंद आढळल्यास ती चालू करावी. तिच्याखालची दुसरी चौकट मात्र वेगळ्या स्वरूपाची आहे. महत्त्वाच्या क्षणी 'स्मृतीतील सर्व काही आता चकतीवर उतरव' अशी आज्ञा विंडोज डिस्कला देत असते. दुसरी चौकट लावली की ही आज्ञा देणेच थांबते. वेग थोडा वाढतो. पण त्याच क्षणी वीज गेली, तर नुकतेच लिहिलेले निकालपत्रक अर्धवट राहू शकते आणि क्वचित डिस्कची अंतर्गत सूचीही बिघडते. विंडोजची फाईलपद्धती आपल्या सूचीतील बदलांची रोजनिशी ठेवते, परंतु फाईलीतील मजकुराची हमी ती देत नाही. जेथे वीज कोणत्याही क्षणी जाते आणि संगणकास यूपीएस जोडलेला नाही, तेथे ही चौकट रिकामी असणेच इष्ट. किंबहुना, यूपीएस असला तरी त्याची बॅटरी किती वर्षांची आहे हे आधी पाहावे.

कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. याचे कारण औपचारिक नाही. चकतीवरील खराब जागा वाढू लागल्या की डिस्क एकच नोंद पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि संगणक मंद भासतो. अशा डिस्कवर तासन्‌तास डिफ्रॅगमेंटेशन चालविणे म्हणजे आजारी माणसाकडून ओझी वाहविणे होय. खरखर वा टकटक असा आवाज येणे, फाईली वाचता न येणे, ही तिची लक्षणे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी 'स्मार्ट' या पद्धतीने ठेवते. त्या दाखविणारे विनामूल्य कार्यक्रम उपलब्ध आहेत. नादुरुस्त जागांचा आकडा वाढत असेल, तर सेटिंग बदलण्याचा विचार सोडून डिस्कच बदलावी.

डिस्क निरोगी असूनही वरील उपायांनी पडणारा फरक पुरेसा वाटला नाही, तर विंडोज असलेला भाग एसएसडीवर हलविणे हाच सर्वांत परिणामकारक मार्ग ठरतो. साटा जोडणी असलेल्या बहुतेक जुन्या संगणकांत ती बसते, आणि जुनी हार्ड डिस्क काढून टाकण्याचीही गरज नसते. छायाचित्रे व जुने अभिलेख यांच्या साठवणुकीस ती पुढेही उपयोगी पडते.