परवानगीचा शिष्टाचार आणि संगणक

दुसऱ्याच्या घरी सलाम करून, परवानगी घेऊनच जावे. 'परत जा' म्हटले तर परतावे, ही सूरह नूरची (आयत 27-28) शिकवण. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या हदीसनुसार परवानगी तीनदाच मागावी.

गडचिरोलीत मशिदीच्या खोलीत मी धानोऱ्याच्या एका आजींचा निराधार योजनेचा अर्ज संगणकावर भरत होतो. अद्ययावतीकरणाची चौकट तीनदा आडवी आली. पर्याय दोनच : 'आता' किंवा 'नंतर'. 'परत जा' म्हणण्याची सोयच नाही! चौथ्या वेळी संगणक आपणहून बंद झाला, अर्ज पुसला गेला, आजींची शेवटची बस चुकली.

आयत 58 घरातील वयात न आलेल्या मुलांनाही फज्रपूर्वी, दुपारी व इशानंतर परवानगी मागायला लावते. यंत्राला ही ताकीद आपणच द्यायची असते. संगणकात कामाचे तास नोंदवता येतात. त्या वेळात तो आपणहून बंद होत नाही. ती नोंद मी आजी गेल्यावर केली.